डबल बेल

एस.टी. आणि मी एकाच सालचे. तिचा जन्म १ जून १९४८ चा आणि माझा त्याच महिन्यातला. तिच्या वेळी गाडीला हारतुरे घातले होते म्हणतात. माझ्या वेळी आमच्या घरात सुइणीला द्यायला सुटे पैसे नव्हते. सुट्या पैशांवरून तेव्हा सुरू झालेला माझा आणि जगाचा वाद पुढे पाऊणशे वर्षे निरनिराळ्या कंडक्टरांनी चालू ठेवला, ही गोष्ट वेगळी.

सांगायचे म्हणजे २०२३ साली आम्हां दोघांचीही पंच्याहत्तरी झाली. पंच्याहत्तर पुरी केलेल्या माणसाला एस.टी.चा प्रवास फुकट, हा निर्णय त्याच्या आदल्या ऑगस्टात, म्हणजे २०२२ साली, अमलात आलेला होता. तेव्हापासून मी डोळ्यांत तेल घालून वाढदिवसाची वाट पाहत होतो. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी सरकारी योजना माझ्या दिशेने चालत येत होती. पण नशीब पाहा. वाढदिवसाला तीन महिने उरले असताना, १७ मार्चला, सगळ्या बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले. आमच्या सौ.नी ती बातमी मला तीनदा वाचून दाखवली. त्या तीन महिन्यांत आम्ही दोन लग्ने आणि एक बारसे केले, आणि प्रत्येक वेळी त्या कंडक्टरला खणखणीत आवाजात सांगत, "एक फुल, एक हाफ." त्यातला फुल म्हणजे मी. या शब्दाचा इंग्रजीतला दुसरा अर्थ त्यांना चांगला ठाऊक आहे.

अखेर जूनमध्ये मी फुकट झालो. पहिल्या प्रवासाला आधार कार्ड, त्याची झेरॉक्स आणि झेरॉक्सची झेरॉक्स असा सगळा दस्तऐवज घेऊन खोपटच्या स्टँडवर गेलो. कंडक्टरने कार्ड पाहिले, मला पाहिले आणि म्हणाला, "आजोबा, पंच्याहत्तर वाटत नाही हो तुम्हाला." मी खूष होऊन सौ.कडे पाहिले. तेवढ्यात तो म्हणाला, "म्हणून विचारतो, फोटो तुमचाच ना?" मग त्याने यंत्रातून शून्य रुपयाचे तिकीट काढून दिले. ते मी अजून जपून ठेवले आहे.

हे तिकीट मी कौतुकाने आमच्या नातवाला दाखवले आणि तिथेच चुकलो. नातू मॅनेजमेंट का काहीतरी शिकतो. तो म्हणाला, "आजोबा, अशाने तोटा होणार नाही तर काय होणार? अर्ध्या गाड्या रिकाम्या पळतात. सोपं आहे. गाडी भरली की सोडायची. नाही भरली, नाही सोडायची."

मी म्हटले, "बाळा, हा प्रयोग झालेला आहे."

"कधी?"

"तुझ्या पणजीच्या वेळी."

आता नातवाने एवढ्यावर विषय सोडून दिला. त्याला फोन आला होता. पण तुम्ही सापडला आहात, तर सांगून टाकतो.

एस.टी.च्या आधी आपल्याकडे गावोगाव खाजगी मोटारी धावत. लोक त्यांना सर्व्हिस मोटार म्हणत. मोटारवाल्याचे वेळापत्रक एका ओळीचे असे: भरली की सुटेल. भरली म्हणजे काय, हे ठरवणार मात्र तोच. पुढे ड्रायव्हरच्या शेजारी कचेरीतले अंमलदार, मधे सावकार, त्यांच्या मागे रयत आणि टपावर वळकट्या, करंड्या, कोंबड्या. एका मार्गावर दोन मालक असले म्हणजे तर विचारूच नका. उतारू स्टँडवर आला की एक जण त्याचा दंड धरी आणि दुसरा ट्रंक. पुष्कळदा उतारू एका मोटारीने जाई आणि ट्रंक दुसऱ्या. १९३९ साली मोटार वाहनांचा कायदा झाला आणि परवाने-बिरवाने आले. पण पाठोपाठ महायुद्ध आले, पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या चढल्या. क्लीनर सकाळी उठून त्या भट्टीचा पंखा हँडल मारून मारून फिरवायचा. धूर निघाला की लोकांना वाटे गाडी निघाली. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचे आणि गाडीच्या मागून चालायचे, आणि तरी पैसे पूर्ण प्रवासाचे.

ठाणेकरांना हे ऐकून हसू येईल. आमची ऐट निराळी. १६ एप्रिल १८५३ ला हिंदुस्थानातली प्रवाशांची पहिली आगगाडी बोरीबंदरहून सुटली ती थेट एकवीस मैलांवरच्या ठाण्याला येऊन थांबली. तेव्हापासून ठाणेकराला वाटते की जग तिथून सुटते आणि इथे येऊन थांबते. पण ठाणे जिल्हा म्हणजे काही नौपाडा नव्हे. मुरबाड, वाडा, जव्हार, मोखाडा या तालुक्यांच्या गावांना आजही रेल्वेचे स्टेशन नाही. यांतले वाडा, जव्हार आणि मोखाडा १ ऑगस्ट २०१४ पासून नव्या पालघर जिल्ह्यात गेले. स्टेशन मात्र त्यांना तिकडेही मिळाले नाही. आगगाडी आली १८५३ साली, एस.टी. १९४८ साली. मधली पंच्याण्णव वर्षे या मुलखाने बैलगाडीत, नाहीतर "भरली की सुटेल"वर काढली.

आता थोडे फ्रान्सला जाऊन येऊ. तिकीट माझे. आपण शाळेत ज्याचा नियम पाठ केला तो पास्कल, तोच तो द्रवांच्या दाबाचा, त्याने मरायच्या आधी काही महिने एक उद्योग केला. १८ मार्च १६६२ ला त्याने आणि त्याच्या मित्रांनी पॅरिसमध्ये भाड्याच्या घोडागाड्या सुरू केल्या. ठरलेला मार्ग, ठरलेले भाडे, माणशी पाच सू. गाडीत आठ जागा. जगातली ही पहिली शहर बससेवा मानतात. पण मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. त्यांच्या परवान्यातच म्हटले होते की या गाड्या ठरल्या वेळी सुटतील, मग माणसे कितीही थोडी असोत. कोणीच आले नाही तर रिकाम्या सुटतील. रिकाम्या! दोन-अडीचशे शब्दांच्या सरकारी भाषेत मला तो एक शब्द असा दिसला, जसा गर्दीत ओळखीचा माणूस दिसावा. पुढे तिथल्या न्यायालयाने शिपाई, नोकरचाकर आणि असल्या लोकांना त्या गाड्यांत बसायला बंदी घातली, भाडेही वाढले, आणि काही वर्षांत ती सेवा बंद पडली. पास्कल बिचारा १६६२ च्या ऑगस्टातच वारला होता, त्यामुळे त्याला त्याचा पत्ता नाही.

मग दीडशेहून अधिक वर्षांनी, १८२६ च्या सुमारास, फ्रान्समध्येच नांत गावी पुन्हा तशा गाड्या निघाल्या आणि त्यांना 'ओम्निबस' हे नाव पडले. लॅटिनमध्ये ओम्निबस म्हणजे 'सर्वांसाठी'. इंग्रजांनी या शब्दाचे डोके उडवून नुसते शेपूट ठेवले, ते म्हणजे बस. म्हणजे बघा, बस हा मुळी शब्दच नाही, चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय आहे! 'सर्वांसाठी'मधले 'सर्वां' गळले, 'साठी' उरले. गर्दीच्या वेळी दाराशी लोंबकळताना मला हे व्याकरण फार पटते: सर्वां आत, साठी बाहेर. मराठीत याच शब्दाचा अर्थ भलताच निघावा आणि तोही उभ्याने ऐकावा लागावा, हा आपला आणखी एक भोग.

मुंबईत पहिली मोटारबस धावली ती १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. ती शहराची चैन. खेड्याचा खरा दिवस उजाडला पुण्याहून. १ जून १९४८ ला पुणे ते नगर ही एस.टी.ची पहिली गाडी सुटली. आतापर्यंत ज्याला आपण अहमदनगर म्हणत आलो त्याला आता अहिल्यानगर म्हणायचे, हे आमच्या सौ. मला बजावतात, पण १९४८ ची गाडी मला नगरलाच नेऊ द्या. पहिले चालक किसन राऊत, पहिले वाहक लक्ष्मण केवटे. गाड्या बेडफोर्ड कंपनीच्या, सांगाडा लाकडी, आसने काथ्याची, रंग निळा आणि रुपेरी. तेव्हा अशा तीस-पस्तीस गाड्या होत्या. लाल रंग पुढचा. आता तो इतका अंगवळणी पडला आहे की निळी एस.टी. म्हटले की मला सासरी परत गेलेल्या मुलीने एकदम केस कापून यावे तसे वाटते.

सरकारने हळूहळू एकेक मार्ग खाजगी मोटारवाल्यांकडून घेतला. तेव्हाही पुष्कळ ओरड झाली असणार. आपल्याकडे ओरड नसली तर लोकांना काम झाल्यासारखे वाटत नाही. पुढे मराठवाड्यात निझामाच्या रेल्वेने १९३२ पासून चालवलेली बससेवा होती, विदर्भात आणखी निराळी होती. महाराष्ट्र झाल्यावर १९६१ साली हे सारे मिळून महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ झाले. एवढे लांब नाव आजपर्यंत एकाही उतारूने उच्चारलेले नाही. तिला शहरात एस.टी. म्हणतात, खेड्यात येष्टी म्हणतात आणि चुकली म्हणजे जे म्हणतात ते छापत नाहीत.

ठाण्यात तर स्टेशनपासून आसपासच्या वस्त्यांत जाणारी शहर वाहतूकसुद्धा एस.टी.च करी. १९६२ नंतर वागळे इस्टेटीत कारखाने आले, भोंगे आले, आणि भोंग्याच्या वेळी बसमध्ये शिरणे ही एक स्वतंत्र कला झाली. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची पद्धत तुम्हाला माहीत असेलच. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी एकदा रुमाल नव्हता म्हणून टोपी टाकली. आत जाईपर्यंत टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर! तो म्हणाला, "टोपीने जागा धरली असेल तर टोपी बसली आहे, तुम्ही उभे राहा."

ठाण्याची महानगरपालिका झाली १९८२ साली आणि १९८९ च्या फेब्रुवारीत तिची स्वतःची परिवहन सेवा निघाली. मग नव्या मुंबईची १९९६ मध्ये, कल्याण-डोंबिवलीची १९९९ मध्ये. एका घरातले भाऊ वेगळे निघावेत तशी चूल मांडली गेली. स्टेशनसमोर २००९ साली बससाठी पूलच बांधला, त्याला सॅटिस म्हणतात. म्हणजे पूर्वी खाली जी गर्दी होती ती आता दोन मजली झाली.

या सगळ्या काळात आमची आई नौपाड्यातल्या आमच्या गॅलरीत बसून असे. गोखले रोडवरून बस गेली की ती मान लांब करून आत किती माणसे आहेत ते बघायची. गच्च भरलेली गेली तर काही बोलायची नाही. पण दुपारी दोन-अडीचला एखादी गाडी अगदी मोकळी, नुसते ड्रायव्हर-कंडक्टर घेऊन गेली, तर मात्र समाधानाने म्हणायची, "रिकामी गेली. बरोबर गेली." वडील वैतागत. "अगं, डिझेल फुकट चाललंय!" आई म्हणे, "जाऊ दे." मला ते तिचे खूळ वाटायचे. बाकीच्या बाबतीत ती इतकी काटकसरी, की काड्यापेटीतली जळकी काडी पुन्हा पेटीत ठेवायची आणि एका गॅसवरून दुसऱ्यावर विस्तव न्यायला वापरायची. तिला रिकाम्या गाडीचे एवढे कौतुक कशाचे?

ते मला फार उशिरा कळले, आणि तेसुद्धा मावशीकडून. माझ्या आधी एक भाऊ होता. मला माहीत होता तो एवढाच, की "होता". १९४५ च्या श्रावणात आई माहेरी होती, मुरबाडच्या पलीकडे. दीड-दोन वर्षांचे मूल तापाने फणफणले. आजोबांनी बैलगाडी जुंपून दोघांना मुरबाडला आणले. डॉक्टर कल्याणला. मोटार स्टँडवर उभी होती, ड्रायव्हर बिडी ओढत होता. आत चार माणसे. आजोबांनी हात जोडले. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याने मुलाच्या अंगाला हात लावून पाहिला, आईला सावलीत बसायला जागा करून दिली. पण म्हणाला, "मालकाचा हुकूम आहे. अजून आठ शिटा पाहिजेत. आठ शिटांचे पैसे भरता का?" तेवढे आजोबांकडे नव्हते. पावसाचे दिवस, बाजारचा वार नाही, माणसे येणार कुठून? मोटार तीन तासांनी सुटली. मावशी म्हणाली, "ताई सांगायची, एकेक माणूस चढला की मी मोजायची. पाच राहिले. चार राहिले." कल्याणला पोचेपर्यंत दिवे लागले होते. डॉक्टरांनी नुसते पाहिले.

आईने मला हे कधी सांगितले नाही. आमच्या वाटेवर एस.टी. सुरू झाल्यावर ती पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा मी कडेवर होतो. मावशीने सांगितले की गाडीत सहाच माणसे होती. आईने कंडक्टरला दोनदा विचारले, "सुटणार ना?" तो म्हणाला, "बाई, वेळ झाली की सुटणार." आणि त्याने दोरी ओढली. एक घंटा थांबायची, दोन निघायच्या. त्या दिवसापासून आई एस.टी.त चढली की कंडक्टरच्या हाताकडे बघत बसायची. मी लहानपणी विचारले होते, "आई, काय बघतेस?" तर म्हणाली होती, "काही नाही रे, दोरी."

हे मी नातवाला सांगितले का? सांगितले. फोन ठेवल्यावर. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "पण आजोबा, तोट्याचं काय?" मला त्याचा राग आला नाही. प्रश्न बरोबरच आहे. अडीचशेच्या आसपास आगारे, हजारो गाड्या, डिझेल, पगार. हे सगळे आईच्या दोरीवर चालत नाही. कामगारांचे हाल आहेत, आणि ते फार दिवसांचे आहेत. २०२१ च्या अखेरीस संप झाला तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. त्या महिन्यांत खोपटला गाड्या रांगेने उभ्या असत, काचांवर धूळ. मी फिरायला जाताना मुद्दाम त्या बाजूने जाई. आणि त्या महिन्यांत मुरबाडकडे काय चालले होते? तिकडच्या नातेवाइकांनी सांगितले: काळी-पिवळी जीप उभी असते, भरली की सुटते.

एवढ्या लांब तरी कशाला? आमच्या नौपाड्याच्या कोपऱ्यावर शेअर रिक्षा उभी असते. "चला, एक सीट, एक सीट!" तीन बसले की चौथा ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून. परवा सौ.ना गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायचे होते. दोघे बसलो. ड्रायव्हर उतरून बाहेर उभा राहिला. मी म्हटले, "चला." तो म्हणाला, "काका, अजून एक येऊ द्या." मी म्हटले, "एकाचे पैसे मी देतो, सोड." सौ. माझ्याकडे बघत राहिल्या. जो माणूस दोन रुपये सुटे नाहीत म्हणून कंडक्टरशी भांडतो, तो रिकाम्या जागेचे पैसे भरतो, हे त्यांना समजेना. मी काही बोललो नाही. आमच्या घराण्यात बोलायची पद्धत नाही.

गेल्या श्रावणात मी नातवाला घेऊन मुरबाडला गेलो. त्याला म्हटले, तुझा प्रोजेक्ट होईल, चल. ठाण्याहून लोकलने कल्याण, आणि कल्याण स्टेशनला लागूनच एस.टी.चा स्टँड. मी शून्य, तो फुल. मुरबाडला उतरलो, वडापाव खाल्ला आणि संध्याकाळी आमच्या आजोळच्या मुक्कामी गाडीत बसलो. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री शेवटच्या गावाला जाऊन झोपणारी आणि पहाटे तिथली पोरे, दूधवाले, कोर्टाच्या तारखा असे सगळे घेऊन परत येणारी. ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच कुठे देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर पथारी टाकतात. तिकिटांचा ट्रे आणि टिकटिक करणारा चिमटा गेला, यंत्र आले. पण डबा, बॅटरी आणि चादर अजून बरोबर असते. गाडीत वर लिहिले होते: संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. नातवाने त्याचा फोटो काढला.

गाडीत आम्ही दोघे, एक म्हातारी आणि खाताची दोन पोती. नातवाने वहीत काहीतरी आकडेमोड केली. "आजोबा, डिझेलसुद्धा सुटत नाही यात," तो हळूच म्हणाला. म्हातारीला ऐकू गेले असावे. तिने कंडक्टरला विचारले, "मास्तर, जाणार ना गाडी?"

कंडक्टरने घड्याळ पाहिले. "अजून चार मिनिटं आहेत, आजी."

चार मिनिटे आम्ही तसेच बसलो. पाऊस सुरू झाला. कोणी आले नाही. कंडक्टरने दार ओढून घेतले आणि दोन घंटा दिल्या.